मिलेच्या शेतातून आमच्या शेतात

आमच्या पिरनवाडीच्या घरी सोप्यातल्या भिंतीवर आम्हाला कळू लागल्यापासून एक चित्र टांगलेले आहे. चौकटीचा एक कोपरा वाळवीने कुरतडला आहे आणि काचेआडचा छापील कागद चुलीच्या धुराने पिवळा पडला आहे. चित्रात कापणीनंतरचे उघडे शेत आहे. डोक्यावरची टोपी हाती घेऊन, मान खाली घालून एक शेतकरी उभा आहे. समोर हात जोडून त्याची कारभारीण उभी आहे. पायाशी बटाट्यांची टोपली, बाजूला मातीत रोवलेले काट्यांचे खोरे, मागे पोती लादलेली हातगाडी आणि दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हेच चित्र असेल. लहानपणी आम्हाला वाटे, की ही दोघे कोणाच्या तरी मातीला उभी आहेत. पुढे आत्याबाईंनी सांगितले, “मातीला न्हवं रे बाळा, सांजच्या घंटेला उभी हाईत.” संध्याकाळची घंटा झाली, की हातातले काम जिथल्या तिथे ठेवून आंजेलुसची प्रार्थना म्हणणारी ती दोन माणसे होती.

या चित्रामुळे आम्ही उतारवयात तैलरंग शिकलो, आणि त्या शिकण्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे.

निमित्त घरगुतीच होते. आत्याबाईंनी आम्हाला वाढवले. त्यांचे एकही धड चित्र वा छायाचित्र घरी नाही. लग्नातला फोटो पावसाळ्यात बुरशीने गेला, आणि आता उरला आहे तो आधारकार्डावरचा. त्यात त्या स्वतःलाही ओळखू येत नाहीत. वय झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला, तरी भात निघाल्यावर पेरलेल्या मसुराची भांगलण करायला त्या शेतात जातच असत. बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या ज्या रस्त्यावर आमचे गाव आहे, आणि जेथून जांबोटीची वाट गोव्याकडे फुटते, तेथे आता शेतापेक्षा घरे अधिक झाली आहेत. आमच्या बांधाला लागून असलेल्या तुकड्यात प्लॉटांचे दगड रोवले गेले, त्या दिवशी आम्ही ठरवले, की आत्याबाईंना त्यांच्या शेतात उभे करून चित्र काढायचे, आणि तेही तैलरंगात.

ठरवणे सोपे होते. शाळेत पेन्सिल आणि जलरंग हाताळले होते, तेवढीच आमची पुंजी. म्हणून आम्ही बेळगावातल्या एका वृद्ध चित्रकला-शिक्षकांकडे गेलो. वाचकांना ठाऊक असेल, की या शहराला चित्रकलेची मोठी परंपरा आहे. बेनन स्मिथ शाळेत शिकवणारे के. बी. कुलकर्णी यांनी येथे ‘चित्रमंदिर’ चालवून कित्येक हात घडवले. पुढे नामवंत झालेले चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) हे त्यांच्याच तालमीतले. मोठ्या शहराकडे धाव न घेता आपल्या गावातही कला शिकता येते, हे अशा गुरुजनांनी दाखवून दिले आहे.

आमच्या गुरुजींनी आमचा बेत ऐकून घेतला आणि विचारले, “घरात एखादे चांगले चित्र आहे का?” आम्ही मिलेच्या छापील चित्राचे नाव घेतले. ते म्हणाले, “मग आधी त्याची नक्कल करा. उघड्यावरचे माणूस रंगवणे ही अवघड गोष्ट. आधी जाणत्याच्या डोळ्यांनी बघायला शिका, मग आपल्या डोळ्यांनी बघा.”

खरे सांगायचे तर आमचा थोडा हिरमोड झाला. नक्कल म्हटली, की आपल्याला शाळेतली कॉपी आठवते. परंतु चित्रकलेत नकलेचा अर्थ वेगळा आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन लेण्यांतील चित्रांच्या तैलरंगी प्रतिकृती करवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे पुढे प्रसिद्धीस आलेले चित्रकार त्याच कामात तयार झाले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही चित्रकार मूळ चित्रासमोर इझल मांडून नक्कल करतात. अट एवढीच, की प्रतिकृतीचा आकार मूळ चित्राहून वेगळा हवा, म्हणजे कोणी ती अस्सल म्हणून खपवू नये. नक्कल ही शाळा आहे. ती लपवली तरच चोरी ठरते.

याहून आम्हाला धीर आला तो व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांच्या गोष्टीने. १८८० साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्यांनी चित्रकार व्हायचे ठरवले, तेव्हा प्रारंभीच्या चित्रांत याच ‘आंजेलुस’ची रेखाटलेली नक्कल होती. पुढे १८८९ च्या शरदात, सॅं-रेमी येथील रुग्णालयात असताना, बाहेर हिंडणे शक्य नव्हते त्या दिवसांत, त्यांनी मिलेच्या चित्रांच्या काळ्या-पांढऱ्या छापांवरून वीसेक तैलचित्रे केली. भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ह्या कामाची तुलना वादनाशी केली आहे. रचना दुसऱ्याची असली, तरी वाजवणाऱ्याचा हात स्वतःचा असतो.

तर ज्याची नक्कल करायची तो हा झाँ-फ्रान्स्वा मिले होता तरी कोण? १८१४ साली नॉर्मंडीतील ग्रूशी नावाच्या खेड्यात तो एका शेतकरी कुटुंबात जन्मला. पुढे पॅरिसजवळच्या बार्बिझोन गावी राहून त्याने पेरणारे, सर्वा वेचणारे, मेंढरे राखणारे लोक रंगवले. ‘आंजेलुस’ हे चित्र १८५७ ते १८५९ या काळातले. घंटा झाली, की आजी सर्वांना काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना म्हणायला लावी, या आठवणीतून ते सुचल्याचे मिलेने स्वतःच सांगून ठेवले आहे. म्हणजे लहानपणी आम्हाला ती दोघे मातीला उभी वाटली, ते अगदीच चुकीचे नव्हते! मूळ चित्र आता पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात असून त्याची लांबी सुमारे ६६ सेंटिमीटर, उंची ५५ सेंटिमीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा फळीएवढ्या जागेत त्याने सारे माळरान मावविले आहे.

आता कामाकडे वळू. गुरुजींनी आधी भिंतीवरचे चित्र उतरवून त्यावर दोऱ्याने चौकोन पाडायला सांगितले. तेवढेच चौकोन मोठ्या मापात कॅनव्हासवर कोळशाने काढले, आणि एकेका चौकोनातले तेवढेच उतरवत गेलो. असे केले, की ‘माणूस’ काढायचा धाक राहत नाही. हाताला फक्त तिरक्या, उभ्या आणि वाकड्या रेषा दिसतात. बाईच्या पाठीचा बाक हा पाठीचा बाक म्हणून काढला तर चुकतो. आकाशाच्या उजळ तुकड्याची कड म्हणून काढला तर नेमका साधतो.

मग एकाच तपकिरी रंगात, टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरमध्ये, सगळे चित्र घातले. जिथे उजेड हवा तिथला रंग फडक्याने पुसायचा. गुरुजी सारखे बजावत, “डोळे किलकिले करून बघा.” डोळे किलकिले केले, की बारकावे विरतात आणि मोठे अंधार-उजेड उरतात. तेव्हा या चित्राचे मर्म कळले. मिलेने त्या दोघांची तोंडे जवळजवळ काळोखात ठेवली आहेत. आकाश उजळ आहे, माती गडद आहे, आणि माणसांचे पाय मातीत आणि डोकी आकाशात आहेत. चेहरा दाखविल्याशिवाय माणूस ओळखू येत नाही ही आमची समजूत त्या दिवशी गळून पडली. उभे राहण्याच्या ढबीतच त्या दोघांची सारी ओळख होती.

रंगांच्या थरांचा एक नियम येथे सांगून ठेवतो, कारण घरी शिकणारे पुष्कळजण तो मोडतात. खालचा थर पातळ व कमी तेलाचा, आणि वरचा प्रत्येक थर अधिक तेलाचा असावा. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. तेलकट थर खाली राहिला आणि वर कोरडा थर चढवला, तर वरचा आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो, आणि चित्राला भेगा पडतात. घर बांधणारा ओल्या भिंतीवर गिलावा करीत नाही, तसेच हे. आणखी एक सावधगिरी: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत. टर्पेंटाइन मुलांच्या हाताला लागू देऊ नये, आणि खिडकी उघडी ठेवूनच काम करावे.

तीन महिन्यांनी नक्कल पुरी झाली. ती मूळ छापाच्या शेजारी ठेवली आणि आम्ही फुशारकीने आत्याबाईंना बोलावले. त्यांनी लांबून पाहिले, मान हलवली, आणि विचारले, “आता माझं कवा काढणार?”

डिसेंबर उजाडला. मसूर हातभर वर आला होता. आम्ही इझल, फळी आणि रंगांची पेटी घेऊन शेतात गेलो. उघड्यावर असे रंग नेता येतात त्याचे श्रेय १८४१ साली जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने काढलेल्या कथलाच्या नळीला आहे. त्याआधी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवावा लागे. आपल्याकडेही उघड्यावर बसून रंगवणारे थोर लोक झाले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून तेथले पाणी आणि प्रकाश रंगवीत. त्यांचे स्मरण करून आम्ही कुंचला उचलला.

आत्याबाई मिलेच्या शेतकरणीसारख्या हात जोडून उभ्या राहिल्या. पायाशी बटाट्यांच्या टोपलीऐवजी त्यांची बुट्टी, आणि खोऱ्याऐवजी खुरपे. आम्ही मिलेकडून शिकलेले सगळे रंग भराभर मिसळले. दोन संध्याकाळींनी चित्र दाखवले, तेव्हा त्या जवळ आल्या, दूर गेल्या, पुन्हा जवळ आल्या.

“ही कोण मडम रे?” त्या म्हणाल्या. “माझं तोंड असं कवा होतं?”

आम्ही वरमलो. पण त्यांचे खरे होते. आम्ही बार्बिझोनच्या बाईची कातडी आणि बार्बिझोनची माती पिरनवाडीच्या बाईला चढवली होती. गुरुजींना दाखवले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “आता तुमची शाळा सुरू झाली.”

त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे. सावळ्या त्वचेत पांढरा मिसळत गेले, की ती राखट आणि मेल्यासारखी होते. तिचा पाया यलो ओकर, बर्न्ट सिएना आणि किंचित अल्ट्रामरीन यांनी बांधावा. पांढरा अगदी शेवटी, कपाळावर आणि गालाच्या हाडावर जिथे आकाश चमकते तेवढ्यापुरता, आणि तोही थोडा निळसर. सावली काळ्या रंगाने करू नये. उघड्यावरच्या सावलीत दोन प्रकारचा उजेड शिरलेला असतो. वरून आकाशाचा निळा, आणि खालून जमिनीचा. आमची जमीन तांबडी आहे. म्हणून आत्याबाईंच्या हनुवटीखाली, कोपराखाली, पदराच्या आतल्या घडीत मातीचा तांबूस उजेड परतून येत होता. तो रोज तिथे होता आणि आम्ही तो कधीच पाहिला नव्हता. मसुराच्या हिरव्याचेही तसेच. नळीतून निघणारा हिरवा शेतात कुठेच नसतो. पिवळा आणि निळा मिसळून त्यात जरासा तांबडा घातला, तेव्हा कुठे तो आमच्या मसुराचा झाला.

दुसरी अडचण वेळेची होती. फ्रान्स उत्तरेला सुमारे ४८ अंशांवर, आणि आपले बेळगाव १६ अंशांच्या जवळ. तिकडे संधिप्रकाश बराच वेळ रेंगाळतो. इकडे सूर्य टेकला, की पाऊणएक तासात अंधार. जो सोनेरी उजेड हवा तो जेमतेम पंधरा-वीस मिनिटे टिकतो. पहिल्या दिवशी सावली उजवीकडे रंगवून होईतो ती पार लांबून विरून गेली होती. आत्याबाईंचे पायही दुखू लागले. “किती येळ उभं करतोस रे? नुसतं उभं ऱ्हायाला मी काय बुजगावणं हाय?” असे त्या म्हणाल्या.

त्यावरचा उपाय पुन्हा मिलेनेच दिला. तो आपली चित्रे शेतात बसून पुरी करीत नसे. शेतात पाहायचे, थोडे टिपून घ्यायचे, आणि घरी स्मरणाने रंगवायचे, ही त्याची रीत होती. आम्ही तसेच केले. वीतभर फळीवर रोज एकच गोष्ट टिपायची. एके दिवशी फक्त आकाश आणि जमीन यांचे नाते, दुसऱ्या दिवशी फक्त पदराच्या सावलीचा रंग, तिसऱ्या दिवशी हातांचा आकार. आणि आत्याबाईंना मुद्दाम उभे करणे सोडून दिले. मुख्य रस्त्यावरच्या मोटारींच्या गलबल्यात आमच्या शेतात घंटा ऐकू येत नाही. पण सूर्य राजहंसगडाच्या विरुद्ध अंगाला झुकला, की आत्याबाई वेळ ओळखून खुरपे खाली ठेवत, पदर सारखा करत आणि आपणहून प्रार्थनेला उभ्या राहत. प्रार्थनेला लागतात तेवढीच मिनिटे आम्हाला मिळत. ती पुरली.

त्या मिनिटांत आम्ही जे पाहिले ते आधीच्या पन्नास वर्षांत पाहिले नव्हते. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटे खाली आहे. आयुष्यभर कमरेवर बुट्टी आणि घागरी वाहून तो तसा झाला आहे. त्या बुट्टीतला दाणा खाऊन आम्ही मोठे झालो, आणि त्या खांद्याकडे एकदाही पाहिले नाही. मिलेच्या बाईची पाठ चौकोन पाडून उतरवताना जे डोळे तयार झाले होते, त्यांनीच तो खांदा आम्हाला दाखवला. नक्कल कशासाठी करायची ते आम्हाला तेव्हा उमगले. मिलेसारखे रंगवता यावे हा तिचा हेतू नव्हताच. त्याने आपल्या आजीच्या आठवणीकडे जितक्या आदराने पाहिले, तितक्या आदराने आपल्या माणसांकडे पाहता यावे, एवढाच होता.

या वाटेने आपल्यातले मोठे लोकही गेले आहेत. गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे जे. जे. कलाशाळेत युरोपीय तैलरंगाची रीत शिकले आणि तिथेच शिक्षक झाले. पण त्या रीतीने त्यांनी आपली पत्नी फ्लोरेन्तीना आणि घरची माणसे मनापासून रंगवली. त्यांची कन्या आंजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांनी पुढे पवित्र मरियेला भारतीय स्त्रीच्या रूपात चितारले. बापलेकीची चित्रे पणजीच्या फोंताइन्यांत पाहावयास मिळतात. गोव्याला जाणाऱ्या वाचकांनी तिथे अर्धा तास अवश्य काढावा. रीत बाहेरची घेता येते, माणसे मात्र आपली हवीत, हे तिथे डोळ्यांना दिसते.

फेब्रुवारीत मसूर उपटून झाला तेव्हा आमचे चित्र पुरे होत आले होते. चेहरा मिलेच्या बाईसारखाच आम्ही सावलीत ठेवला. आत्याबाईंना तो जवळून नीट दिसत नव्हता, म्हणून त्यांना सोप्याच्या दुसऱ्या टोकाला, दाराच्या उजेडात उभे केले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला.

“खांदा माझाच हाय,” त्या म्हणाल्या. तोंडाबद्दल त्यांनी काही विचारले नाही.

यंदाही त्या तुकड्यात भात लावले आहे. पुढच्या वर्षी काय होईल ते सांगता येत नाही. चित्र मात्र आता मिलेच्या जुन्या चौकटीशेजारी टांगले आहे. चित्र म्हणून ते साधारणच आहे. आकाश एका बाजूला जड झाले आहे, बुट्टीचा तळ चुकला आहे, आणि गुरुजींनी तेवढ्या खुणा आवर्जून दाखविल्या.

वाचकहो, आपल्या घरी जे चित्र भिंतीवर धूळ खात असेल ते एका रविवारी खाली उतरवा. मुलांना त्यावर दोऱ्याचे चौकोन पाडू द्या, पेन्सिलीने का होईना, ते उतरवू द्या. आणि ते झाले, की त्यांना घरातल्या सर्वांत वडील माणसासमोर बसवा व सांगा, “आता यांना काढा.” काढलेले बिघडले तरी चालेल. त्या घटकाभरात मुलाने आजीचा हात, आजोबांची पाठ नीट पाहिलेली असेल, आणि पुढे कागद हरवला तरी ते पाहणे त्याच्यापाशी राहील.